खिशातला कॅमेरा

मराठी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आला तो दागिन्याच्या मानाने आला. त्याला कपाटाच्या वरच्या कप्प्यात जागा मिळाली, मऊ फडके मिळाले, कातड्याची पेटी मिळाली आणि मुलांनी त्याला हात लावू नये असा नियमही मिळाला. मुंज, लग्न, डोहाळजेवण, महाबळेश्वरची सहल अशा ठरावीक प्रसंगी तो बाहेर निघे. घरातली मंडळी उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करून उभी राहत, एक-दोन-तीन होई, आणि कॅमेरा पुन्हा कपाटात जाई. अशा एखाद्या घरचा जुना आल्बम आज उघडला, तर ओळीने उभे असलेले वऱ्हाड त्यात सापडते, काश्मिरी वेष भाड्याने घेऊन शिकाऱ्यात बसलेले दांपत्य सापडते, प्रतापगडाच्या पायऱ्यांवरचे चौदा नातेवाईकही सापडतात. परंतु आजी ज्या चुलीपुढे चाळीस वर्षे बसली ती चूल त्यात नसते. आजोबांची आरामखुर्ची नसते, कठड्यावरून शेजारणीशी बोलणारी आई नसते, पावसाळ्यात ओसरीवर वाळत घातलेले धोतर नसते. जे रोज दिसते त्याचा फोटो कशाला काढावयाचा, असा त्या पिढीचा हिशेब होता. चूल गेली, वाडा पडला, ओसरी नावापुरती उरली, तेव्हा त्या हिशेबातली चूक नातवंडांच्या ध्यानात आली.

या चुकीचा सगळा दोष त्या पिढीला देता येणार नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा कॅमेरा एके काळी भारतात घरोघरी परिचित होता. 120 क्रमांकाच्या रोलवर त्यात अवघी 12 चौकोनी चित्रे निघत. रोलाचे पैसे वेगळे, तो धुण्याचे वेगळे आणि कागदावर प्रती काढण्याचे आणखी वेगळे पडत. उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 साली स्थापन झाला आणि 1967 पासून ‘इंदू’ नावाची देशी फिल्म बाजारात येऊ लागली, तरीही कारकुनी पगारात बारापैकी एक चित्र आजीच्या चुलीवर खर्च करणे हे धाडसच होते. आज तो खर्च उरलेला नाही. अडचण उरली आहे ती कॅमेऱ्याच्या निवडीची, आणि निवड करताना बहुतेक गृहस्थ अजूनही कपाटातल्याच कॅमेऱ्याचा विचार करीत असतात. दूरचा पक्षी टिपता यावा, चंद्रावरचे डाग दिसावेत, लग्नाचा हॉल एका चौकटीत मावावा, अशा वर्षातून एकदा लागणाऱ्या गुणांची यादी करून ते दुकानात जातात. रोजच्या चित्रांसाठी लागणारा पहिला गुण त्या यादीत नसतोच. तो गुण म्हणजे कॅमेरा अंगावर असणे.

कॅमेरा खिशात मावला पाहिजे, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. अमेरिकेत रॉचेस्टर येथे जॉर्ज ईस्टमन याने 1888 साली आपला पहिला ‘कोडॅक’ विकावयास काढला. त्याची किंमत 25 डॉलर असून त्यात 100 चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. चित्रे संपली की सबंध पेटीच कारखान्याकडे परत पाठवावयाची. 1900 साली ‘ब्राउनी’ अवघ्या एका डॉलरला मिळू लागली आणि मुलांच्याही हाती कॅमेरा गेला. पण ही दोन्ही यंत्रे खोक्यासारखी होती. खिशाचा विचार करून घडविलेला आणि खरोखर घरोघर गेलेला कॅमेरा म्हणजे 1912 सालचा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’. अमेरिकन भाषेत ‘व्हेस्ट’ म्हणजे कोटाच्या आतली जाकिटासारखी बंडी. भाता मिटला की हा कॅमेरा जेमतेम एक इंच जाड राही, म्हणून त्या बंडीच्या खिशात तो बसे. पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांनी तो बरोबर नेला आणि सैनिकांचा कॅमेरा म्हणूनच त्याचा लौकिक झाला.

याच जातीचा एक कॅमेरा हिमालयात हरवलेला आहे. 1924 सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत हॉवर्ड सॉमरव्हेल या डॉक्टरने आपला व्हेस्ट पॉकेट कोडॅक मॅलरीच्या हाती दिला, असे मानले जाते. हा सॉमरव्हेल पुढे त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथे मिशनच्या रुग्णालयात अनेक वर्षे शस्त्रक्रिया करीत राहिला. मॅलरी आणि अर्व्हिन शिखराच्या दिशेने गेले ते परतले नाहीत. मॅलरीचा देह 1999 साली सापडला, अर्व्हिनचे म्हणून ओळखले गेलेले अवशेष 2024 साली सापडले. तो कॅमेरा मात्र अद्याप हाती लागलेला नाही. शिखरावर पाऊल पडले होते की नाही, याचा पुरावा त्यातल्या फिल्मवर असू शकेल, म्हणून शोध घेणारे त्याची वाट पाहत आहेत. प्राणवायूच्या नळकांड्यांचे ओझे वाहणाऱ्या माणसाने त्या उंचीवर मोठा कॅमेरा नेला असता असे कोणी मानीत नाही. जो खिशात मावतो तोच तिथवर पोहोचतो.

जर्मनीत व्हेट्सलार येथील लाइट्स कारखान्यातील ऑस्कर बार्नाक याला दम्याचा विकार होता. काचेच्या पट्ट्यांचा जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून 24 × 36 मिलिमीटरचे छोटे चित्र घ्यावे आणि नंतर ते मोठे करावे, या त्याच्या युक्तीतून ‘लायका’ जन्मास आला. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला आणि तेव्हापासून ‘लहान फिल्म, मोठे चित्र’ ही कॅमेऱ्याची रीत झाली. सामान्य माणसाच्या खिशाचा विचार मात्र जपानात ऑलिंपस कंपनीच्या योशिहिसा माइतानी या अभियंत्याने अधिक बारकाईने केला. 1959 सालच्या त्याच्या ‘पेन’ कॅमेऱ्यात चित्राचा आकारच अर्धा केलेला असल्यामुळे 36 चित्रांच्या रोलात 72 चित्रे निघत. काटकसरी गृहस्थाला याहून गोड गणित कोणते असणार? 1979 साली त्याने ‘एक्सए’ नावाचा कॅमेरा केला. त्याला म्यान नाही, भिंगावर निराळे झाकण नाही. अंगचाच एक सरकता दरवाजा बोटाने बाजूला केला की कॅमेरा तयार होतो आणि पुन्हा सरकविला की बंद होतो.

या सरकत्या दरवाजाचे मोल रोजचे फोटो काढणाऱ्यालाच कळते. दीड वर्षाचे मूल पहिल्यांदा भिंतीचा आधार सोडते तो प्रसंग फार तर चार सेकंदांचा असतो. त्यातली दोन पेटीचे बटण उघडण्यात, एक झाकण काढण्यात आणि एक ते झाकण कुठे ठेवावे या विचारात गेले, तर फोटोत बसलेले मूल येते. म्हणून दुकानात कॅमेरा पाहताना घेणाऱ्याने भिंगाचे आकडे वाचण्याआधी तो आपल्याच खिशात घालून पाहावा, एका हाताने काढावा आणि पहिली कळ दाबेपर्यंत किती वेळ गेला ते मनात मोजावे. इथे ‘आपल्याच’ या शब्दाला महत्त्व आहे. खिशात मावणारा म्हणून कंपन्या ज्या वस्तू विकतात, त्यांतल्या अनेक फक्त युरोपातल्या हिवाळी कोटात मावतात. भारतीय माणूस वर्षाचे नऊ महिने सुती सदऱ्यात वावरतो आणि सदऱ्याच्या छातीवरच्या खिशाला पाव किलो वजनही जड होते. साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तर खिसा आलेलाच नाही. तिच्या कॅमेऱ्याची परीक्षा पर्समध्ये किल्ल्या, नाणी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटासोबत व्हावयाची, आणि त्या सहवासात ज्याचे भिंग उघडे राहते तो कॅमेरा फार दिवस टिकत नाही.

चटकन तयार होण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे समोरच्या माणसाला न बिचकविणे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या परिवारात वाढलेले कनू गांधी यांनी आश्रमाच्या दैनंदिन जीवनाची जी छायाचित्रे घेतली, ती आज अनमोल ठरली आहेत. फोटो घेण्यास परवानगी देताना गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरावयाचा नाही, कोणालाही मुद्दाम बसावयास वा उभे राहावयास सांगावयाचे नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. घनश्यामदास बिर्ला यांच्या देणगीतून घेतलेला कनूभाईंचा रोलिफ्लेक्स काही खिशातला नव्हता. परंतु त्या तीन अटी घरगुती छायाचित्रकाराने भिंतीवर लिहून ठेवाव्यात इतक्या उपयुक्त आहेत, आणि त्यांतली पहिली अट पाळावयाची म्हटले की कॅमेऱ्याच्या निवडीतला सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे उजेड.

भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लक्ष लक्स असतो. त्याच घरातल्या दिव्याखालच्या खोलीत तो शंभर-दीडशे लक्सवर येतो, म्हणजे जवळजवळ हजारपटीने कमी होतो. माणसाचा डोळा हा फरक इतक्या सहज पचवितो की तो जाणवतही नाही. कॅमेऱ्याला मात्र तो पचत नाही. 400 आयएसओच्या फिल्मवर, एफ 2.8 इतके छिद्र उघडून, अशा खोलीत चित्र घ्यावयाचे तर झडप सुमारे 1/20 सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात पोळी लाटणारा हात पुसट होतो आणि धावणारे मूल म्हणजे नुसता रंगाचा ओघळ होतो. घरातले बहुतेक जगणे संध्याकाळनंतर याच उजेडात चालते. तेव्हा कॅमेरा किती उजेड आत घेतो आणि घेतलेला उजेड किती मोठ्या पृष्ठावर पडतो, हे दोन प्रश्न घेणाऱ्याने दुकानदाराला विचारावेत. किती मेगापिक्सेल, हा प्रश्न त्याने न विचारला तरी दुकानदार त्याचे उत्तर आपण होऊन देतोच.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत त्याचे माप साधारण 6.2 × 4.6 मिलिमीटर असे, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. सोनी कंपनीने 2012 साली आरएक्स100 या कॅमेऱ्यात 13.2 × 8.8 मिलिमीटरचा सेन्सर बसविला. क्षेत्रफळ चौपट झाले आणि तरी कॅमेऱ्याचे वजन 240 ग्रॅमच राहिले. 2019 साली आलेल्या रिको जीआर थ्रीमध्ये त्याच्याही तिपटीचा सेन्सर सुमारे 257 ग्रॅम वजनात मावला. पण त्यासाठी रिकोने झूमचा पूर्ण त्याग केला. भिंग एकच, 35 मिलिमीटरच्या मापाने 28 चे, जवळचे विस्तीर्ण दाखविणारे. ते पुढे-मागे होऊन दूरचे जवळ आणीत नाही.

हा त्याग अनेकांना खुपतो. झूम असलेला कॅमेरा अधिक देतो असे वाटते आणि दुकानाच्या काऊंटरवर त्याचे प्रदर्शनही छान होते. परंतु लहान कॅमेऱ्यातल्या झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. वर उल्लेखिलेल्या पहिल्या आरएक्स100 चे भिंग आखूड असताना एफ 1.8 पर्यंत उघडते. तेच पुरते लांबविले की एफ 4.9 च्या पलीकडे उघडत नाही. उजेड सातपटीहून कमी झाला! म्हणजे दिव्याखालच्या खोलीत ते झूम असून नसल्यासारखे. शिवाय आत-बाहेर सरकणारी नळी धूळ आत ओढते, हा भारतीय रस्त्यावर लहानसहान दोष नव्हे. रोजच्या चित्रांसाठी एका भिंगाचा कॅमेरा पत्करावा आणि झूमचे काम पायांवर सोपवावे, हा सल्ला म्हणूनच अधिक शहाणपणाचा ठरतो. ते भिंग कोणते असावे, हे घराच्या खोल्या ठरवितात. दोन मीटर अंतरावरून 50 मिलिमीटरच्या भिंगात जेमतेम दीड मीटर रुंदीचे दृश्य मावते, 35 मध्ये दोन मीटरचे आणि 28 मध्ये अडीच मीटरहून थोडे अधिक. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे मागे सरकले की पाठ कपाटाला लागते, तिथे 50 चे भिंग फारसे कामाचे नाही. दुसऱ्या टोकाला 28 चे भिंग चेहऱ्याजवळ नेले की नाक मोठे होते आणि घरातील वडीलधारी मंडळी रागावतात. 35 ते 40 च्या आसपासचे भिंग या दोन्ही संकटांमधून बऱ्यापैकी वाट काढते.

फोकसची भीती त्या मानाने अवास्तव आहे. 40 मिलिमीटरचे भिंग एफ 8 वर ठेवून तीन मीटरवर बसविले, तर साधारण दोन मीटरपासून सुमारे साडेपाच मीटरपर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. दिवसाउजेडी अंगणात एवढ्या टापूत घरातले सगळे प्रसंग घडतात.

आता ज्या प्रश्नाने हा सारा विचार फोल ठरावा तो प्रश्न. खिशात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा हवाच कशाला? जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2010 साली 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. 2020 साली ती संख्या एक कोटीच्याही आत आली. जगाने कौल दिला आहे आणि तो अकारण नाही. मोबाइल अनेक चित्रे क्षणार्धात घेऊन त्यांचे एक करतो आणि आपल्या बारीक भिंगाची उणीव गणिताने भरून काढतो. ज्याला एवढे पुरते त्याने कॅमेरा घेऊ नये, पैसे वाचवावेत.

तरीही निराळ्या कॅमेऱ्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी उरतात. कॅमेऱ्याची कळ बोटाला न पाहता सापडते, मोबाइलची काच पाहिल्यावाचून सापडत नाही. मोबाइल फोटोसाठी काढला आणि बँकेचा संदेश दिसला की फोटो राहून जातो. आजोबांच्या किंवा आठ वर्षांच्या नातीच्या हाती साधा कॅमेरा निश्चिंतपणे देता येतो आणि तिने काढलेले आजोबा हे एरवी कोणालाच न दिसणारे आजोबा असतात. मोबाइल मात्र तिच्या हाती देताना घरात वाद होतो. आणि मोबाइलमध्ये आईचे छायाचित्र कुठे राहते? विजेच्या बिलाची प्रत, कोणाच्या तरी सुप्रभाताची फुले आणि रेल्वेचे तिकीट यांच्या गर्दीत. चार वर्षांनी उपकरण बदलले की ती सारी गर्दी एकत्रच कुठेतरी जाते किंवा कुठेच जात नाही. छोट्या कॅमेऱ्याच्या कार्डावर निदान फोटोच असतात, आणि ते उतरविण्यासाठी बसावे लागते म्हणून ते पाहिलेही जातात. महिन्याकाठी त्यांतले दहा कागदावर छापून घेणारे कुटुंब आल्बमच्या बाबतीत आपल्या आजोबांपेक्षा पुष्कळच पुढे गेले असे समजावे.

जुन्या कॅमेऱ्यांकडे अलीकडे तरुण मंडळींचा ओढा वाढलेला दिसतो. मुंबईच्या बोरा बाजारात वा दिल्लीच्या चांदणी चौकात पुन्हा त्यांची चौकशी होते. या खरेदीत थोडी सावधगिरी हवी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा घेताना त्याची बॅटरी आजही मिळते का आणि त्यात कोणते कार्ड लागते, हे प्रथम पाहावे. ‘एक्सडी’ कार्डाचा कॅमेरा कितीही स्वस्तात मिळाला तरी कार्ड शोधताना ती स्वस्ताई संपते. फिल्मचा कॅमेरा घेणाऱ्याने फिल्म आणि धुलाई यांचा आजचा भाव आधी विचारावा, कारण तो ऐकल्यावर बरेच जण विचार बदलतात. विचार न बदलणाऱ्यांसाठी ऑलिंपसचा ‘ट्रिप 35’ हा अजूनही भरवशाचा गडी आहे. 1967 साली तो निघाला आणि 1984 पर्यंत बनत राहिला. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर पडणाऱ्या उजेडावरच त्याचे प्रकाशमापन चालते. परीक्षाही सोपी आहे. छिद्राचे कडे स्वयंचलित खुणेवर ठेवून भिंग हाताने पूर्ण झाकावे आणि कळ दाबावी. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि कळ अडली, तर एक अर्ध झाले. मग उजेडाकडे तोंड करून पुन्हा दाबावी, आणि खटका सहज पडला म्हणजे सेलेनियम जिवंत आहे. उजेडातही लाल पट्टी येत राहिली, तर दुकानदाराने कितीही गोड बोलून दाखविले तरी कॅमेरा परत करावा.

राहता राहिली गोष्ट पावसाळ्याची. कोकणात, गोव्यात, मुंबईत आणि तितकीच कलकत्त्यातही, जून ते सप्टेंबर या महिन्यांत भिंगाच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी तिची तंतुमय नक्षी काचेवरच्या लेपात एकदा रुतली की काच पुसूनही डाग जात नाही. ही बुरशी सर्वांत लवकर धरते ती कातड्याच्या पेटीत गुंडाळून बंद कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि तिथे हवा वा उजेड पोहोचत नाही. पेटी काढून टाकावी. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावा, आणि निळे खडे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करावेत. हा तवा नंतर पोळ्यांसाठी वापरू नये. आणि रोज हवेत निघणाऱ्या, खिशातून काढ-घाल होणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र एवढीही निगा बहुधा लागत नाही.